त्या १२० तासांत शिकवतं कोण?

(कोल्हापूर येथील एका स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांची सगळी हयात तंत्रनिकेतनाच्या कार्यशाळेत गेली. त्यांच्या हाताखाली शिकलेली माणसं आज शिरोलीत आणि गोकुळ शिरगावात कारखाने चालवतात, आणि त्यातली काही इथे समोर बसली आहेत. त्यामुळे विषय शोधायला मला लांब जावं लागलं नाही. कॉलेजातलं शिक्षण आणि कामाची जागा यांची गाठ कशी घालायची, आणि त्यासाठी कारखानदाराने, कचेरीने, संस्थेने, म्हणजे ज्याच्याकडे काम आहे त्याने, कुठवर पुढे यायचं, याबद्दल मी आज बोलणार आहे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्र शासनाने २०२३ साली अभ्यासक्रमाचा नवा आराखडा दिला. त्यात ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ आलं. कॉलेजात सगळे त्याला ओजेटी म्हणतात. एम.ए.च्या पहिल्याच वर्षी, दुसऱ्या सत्रात, ओजेटी किंवा क्षेत्रीय प्रकल्प यांपैकी एक करायचं. त्याचे चार श्रेयांक, म्हणजे १२० तास. कामावर जाऊन शिकण्याची सक्ती पूर्वी डॉक्टर, शिक्षक, इंजिनिअर अशा ठरावीक व्यवसायांत जाऊ पाहणाऱ्यांनाच होती. आता मराठी, इतिहास, अर्थशास्त्र शिकणारी चंदगड-आजऱ्याची मुलगीही कुठल्या तरी कामाच्या जागी जाते.

मला हा बदल फार मोलाचा वाटतो. तो यावा म्हणून आपल्यातल्या अनेकांनी वर्षानुवर्षं आग्रह धरला आहे. म्हणूनच त्याच्याविषयी एक प्रश्न आत्ताच, तो ताजा आहे तोवर, विचारला पाहिजे. त्या १२० तासांत या मुलीला शिकवतं कोण? कॉलेजचे प्राध्यापक तिथे नसतात. कामाच्या जागी माणसं असतात, पण तिला शिकवणं हे त्यांच्यापैकी कुणाच्याच कामात लिहिलेलं नसतं. मग ती जाते, बसते, बघते, सांगितलं तर झेरॉक्स काढून आणते, आणि शेवटी सही-शिक्क्याचं प्रमाणपत्र घेऊन परत येते. तास भरतात, श्रेयांक मिळतात. शिक्षण झालं की नाही, हे सांगू शकेल असा माणूसच या व्यवस्थेत नसतो.

कामातून शिकण्याची परंपरा आपल्याकडे नवी नाही, आणि ती जिथे टिकली तिथे का टिकली हेही आपल्या डोळ्यांसमोर आहे. चार्टर्ड अकाउंटंट होणाऱ्या मुलाची आर्टिकलशिप घ्या. २०२३ पर्यंत ती तीन वर्षांची होती, आता दोन वर्षांची आहे. मुलगा कोणत्या सी.ए.कडे आहे याची सी.ए. संस्थेत नोंद होते. एका सी.ए.ने किती जणांना घ्यायचं यालाही मर्यादा आहे, आणि ती त्याच्या अनुभवानुसार ठरते. म्हणजे शिकवणारा माणूस ठरलेला, त्याची पात्रता ठरलेली, त्याच्याकडे किती जण शिकतील तेही ठरलेलं. या पद्धतीत दोष आहेत. राबवून घेण्याच्या तक्रारी आहेत, विद्यावेतन तुटपुंजं असतं. तरीही बँकेचं ऑडिट करायला पाठवलेल्या पोराला एखादी नोंद का अडवायची हे दाखवणारा कुणीतरी त्याच्या शेजारी असतो.

कृषी पदवीचं उदाहरण मला त्याहून जवळचं वाटतं. राहुरी, अकोला, परभणी, दापोली या आपल्या चारही कृषी विद्यापीठांच्या शेवटच्या वर्षातली मुलंमुली ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी गावात जातात. गावकरी त्यांना कृषिदूत आणि कृषिकन्या म्हणतात. त्यांना एखाद्या शेतकऱ्याशी जोडून दिलेलं असतं. त्याच्या बांधावर माती परीक्षणाचा नमुना घ्यायचा, बीजप्रक्रिया करून दाखवायची, त्याच्या जमाखर्चाची वही समजून घ्यायची. ज्या गावात तो शेतकरी हौशी आणि बोलका असतो, आणि विद्यापीठाचा विषयतज्ज्ञ खरोखर येऊन जातो, तिथली मुलं बदलून परत येतात. जिथे यातलं काहीच नसतं, तिथे प्रात्यक्षिकाचा फोटो निघतो, स्थानिक वृत्तपत्रात दोन ओळींची बातमी छापून येते, आणि फाईल पूर्ण होते. कार्यक्रम तोच, तासही तेच. फरक पडतो तो फक्त शिकवणाऱ्या माणसामुळे.

आपल्या जिल्ह्याशी या विषयाचं एक मोठं नातं आहे. कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे, आणि गारगोटीचं मौनी विद्यापीठ त्यांनी उभं केलं. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या त्या आयोगाने कार्यानुभव हा सर्व शिक्षणाचा अविभाज्य भाग मानला. शाळेत, घरी, शेतावर, कारखान्यात, जिथे प्रत्यक्ष उत्पादक काम चालतं तिथे विद्यार्थ्याने सहभागी व्हावं, अशी ती कल्पना होती. तिच्यामागे वर्ध्याच्या १९३७ च्या परिषदेतून पुढे आलेल्या नयी तालीमचा विचारही होता. पुढे काय झालं ते इथल्या प्रत्येकाने अनुभवलं आहे. कार्यानुभव हा वेळापत्रकातला एक तास झाला. त्या तासाला मेणबत्त्या, खडू, कागदी फुलं झाली, आणि पुष्कळदा त्या तासाला गणिताचा राहिलेला भाग झाला. शिक्षकांना दोष देण्यात अर्थ नाही. शेतावर आणि कारखान्यात शिकवणारा माणूस कुठून आणायचा, त्याला कोण नेमणार, त्याला काय देणार, याचं उत्तर तेव्हा कुणी दिलं नाही. ती जागा रिकामी राहिली आणि वेळापत्रकाने ती भरून काढली. एवढा मोठा विचार असा वाळून गेलेला आपण पाहिला आहे. ओजेटीचं तसं होऊ नये, एवढ्याचसाठी मी आज उभा आहे.

याच जिल्ह्यातल्या कुंभोजचे कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ‘कमवा आणि शिका’ची वाट घालून दिली. किर्लोस्करांचे नांगर आणि ओगल्यांचा माल विकत फिरलेल्या भाऊरावांना श्रमाची किंमत कुणी सांगायची गरज नव्हती. त्या योजनेमुळे बहुजनांच्या घरातली हजारो मुलं पदवीपर्यंत पोहोचली. आपल्या शिवाजी विद्यापीठाच्या आवारात ती आजही चालते. पण त्या योजनेत काम हे शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी होतं. सकाळी बागेत किंवा छापखान्यात काम करायचं आणि दुपारी वर्गात इतिहास शिकायचा. आज आपल्याला त्याच्या पुढची पायरी चढायची आहे. जे काम करायचं त्यातूनच विषय शिकायचा, आणि त्या शिकण्याला पदवीत जागा द्यायची.

जगात हे प्रथम नीट बांधून दाखवलं ते हर्मन श्नायडर या अमेरिकन प्राध्यापकाने. आपले कोणते विद्यार्थी पुढे चांगले इंजिनिअर होतात हे तो बघत होता. शिकताना ज्यांनी कुठेतरी काम केलं होतं ते पुढे गेलेले त्याला दिसले. १९०६ साली सिनसिनाटी विद्यापीठात २७ विद्यार्थ्यांना घेऊन त्याने सुरुवात केली. एक आठवडा वर्गात, एक आठवडा कारखान्यात. दोघांची जोडी असायची, एक वर्गात असला की दुसरा त्याच्या जागी यंत्रावर. हा तपशील सगळीकडे सांगितला जातो. त्याच्या व्यवस्थेतला एक दुवा मात्र फारसा सांगितला जात नाही आणि मला तोच महत्त्वाचा वाटतो. विद्यापीठाने समन्वयक नेमले होते. ते कारखान्यात जाऊन विद्यार्थी काय करतोय ते बघत आणि वर्गात परत आल्यावर त्या कामामागचं शास्त्र त्याच्याकडून उलगडून घेत. विद्यार्थ्याने यंत्राचा पट्टा घसरताना पाहिला असेल तर घर्षणाचा धडा तिथूनच सुरू व्हायचा. या समन्वयकांचा पगार विद्यापीठाच्या खर्चात धरलेला होता. कॅनडात वॉटर्लू विद्यापीठाने १९५७ पासून हीच कल्पना काही-काही महिन्यांच्या पाळ्यांनी राबवली, आणि आज त्या विद्यापीठाची ओळखच ती आहे.

भारतात पिलानीच्या बिट्सने १९७३ साली ‘प्रॅक्टिस स्कूल’ सुरू केलं. संचालक सी. आर. मित्रा यांच्या काळातलं हे काम. दुसऱ्या वर्षानंतर उन्हाळ्यात दोन महिने, आणि शेवटच्या वर्षी साडेपाच महिने विद्यार्थी उद्योगात असतो. त्या ठिकाणी संस्थेचा प्राध्यापक नेमलेला असतो. रोजनिशी, चर्चा, सादरीकरण, अहवाल अशी परीक्षा तिथेच, काम चालू असताना होते. कंपनी आपला प्रश्न देते आणि आपल्या माणसाचा वेळही देते. पन्नास वर्षं ही व्यवस्था चालू आहे. ती खर्चिक आहे हे खरं, आणि आपल्या अनुदानित कॉलेजांना ती जशीच्या तशी झेपणार नाही हेही खरं. तरी तिच्यातलं मूळ तत्त्व उचलता येतं. विद्यार्थी कामावर गेला म्हणजे शिक्षकाची जबाबदारी संपत नाही, तिथे ती वाढते.

जर्मनीबद्दल आपण वारंवार ऐकतो, आणि २०२४ साली महाराष्ट्र शासनाने बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केल्यापासून आपल्याकडची मुलं जर्मन भाषेच्या वर्गांना जाऊ लागली आहेत. त्याच राज्यात १९७४ साली डायमलर-बेन्झ, बॉश यांसारख्या कंपन्या आणि सरकार यांनी मिळून पदवीच्या दर्जाचं दुहेरी शिक्षण सुरू केलं. २००९ साली त्याला विद्यापीठाचं रूप आलं. तिथे विद्यार्थी आधी कंपनीशी करार करतो आणि मग प्रवेश घेतो. तीन महिने कंपनीत, तीन महिने वर्गात, आणि पूर्ण तीन वर्षं त्याला पगार मिळतो. कंपनीने निवडलेला विद्यार्थी म्हणजे कंपनीने घातलेलं भांडवल, त्यामुळे तो वाया जाऊ नये याची काळजी कंपनीच घेते. पदवीखालच्या शिकाऊंसाठी तर आणखी एक नियम आहे. कारखान्यात जो माणूस शिकाऊंना शिकवतो, त्याला शिकवण्याची पात्रता सिद्ध करावी लागते. ही परीक्षा तिथली उद्योग-व्यापार मंडळं घेतात. वीस वर्षं लेथ चालवली म्हणून ती दुसऱ्याला शिकवता येईलच असं तिथे कुणी धरून चालत नाही. हात चालणं आणि दुसऱ्याचा हात चालवून घेणं ही दोन वेगळी कौशल्यं आहेत.

ब्रिटनने २०१५ साली पदवीसह शिकाऊ उमेदवारी आणली आणि २०१७ पासून मोठ्या मालकांकडून पगारखर्चावर अर्धा टक्का अधिभार घ्यायला सुरुवात केली. पैसा जमला. त्यातला बराच वाटा आधीच नोकरीत असलेल्या व्यवस्थापकांच्या शिक्षणावर गेला आणि तरुण मुलांचा वाटा आक्रसला. पैशाची सोय झाली म्हणजे शिकवण्याची सोय झाली असं होत नाही, एवढं त्यातून घ्यावं.

आता आपला कायदा. शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ चा. १९७३ च्या दुरुस्तीने इंजिनिअरिंगचे पदवीधर आणि पदविकाधारक त्याच्या कक्षेत आले. २०१९ च्या सुधारित नियमांप्रमाणे ३० किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेने मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घ्यायचे. पदवीधराचं किमान विद्यावेतन तेव्हा दरमहा ९,००० रुपये ठरलं आणि त्यातला निम्मा वाटा उचलण्याची केंद्राची योजना आहे. २०२४ साली राज्य शासनाने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावी झालेल्याला ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये. त्याच वर्षी केंद्राने मोठ्या ५०० कंपन्यांसाठी पंतप्रधान इंटर्नशिप योजना जाहीर केली. म्हणजे माणसं किती घ्यायची आणि त्यांना किती द्यायचं, हे दोन्ही आपण बारकाईने ठरवलं आहे. मुलाला काय शिकवायचं, कुणी शिकवायचं, त्या माणसाला त्यासाठी आठवड्यातले किती तास मोकळे ठेवायचे, या प्रश्नांपाशी मात्र आपली लेखणी थांबते.

याचा परिणाम कुणावर होतो ते शिरोलीच्या एखाद्या फौंड्रीत उभं राहून पाहावं. आपल्या भागात सुमारे ३०० फौंड्र्या आहेत. मोटारींना, ट्रॅक्टरांना, पंपांना लागणारी कास्टिंग्ज इथून देशभर आणि देशाबाहेर जातात. हा धंदा शाळेबाहेर शिकलेल्या माणसांनी उभा केला. उद्यमनगरात म्हादबा मेस्त्रींचं नाव आजही आदराने घेतलं जातं. तेव्हा कामाच्या जागी शिकवणारा माणूस म्हणजे मेस्त्री, आणि शिकणारा म्हणजे त्याच्या हाताखालचा पोरगा. ती शाळा कडक होती आणि गुपितं राखणारीही होती, पण शाळा होती.

आता समजा, तृतीय वर्ष मेकॅनिकलचे दोन विद्यार्थी एकाच फौंड्रीत इंटर्नशिपला आले. पहिल्याला एच.आर.ने ओळखपत्र दिलं, सेफ्टी शूज दिले, आणि ‘सगळे विभाग बघून घ्या’ म्हणून सांगितलं. तो पॅटर्न शॉप बघतो, कोअर शॉप बघतो, भट्टीपासून लांब उभा राहून ओतकाम बघतो, मोबाईलवर थोडे फोटो घेतो. दुसऱ्या दिवसापासून तो मार्गातला अडथळा आहे. सुपरवायझरच्या डोक्यावर डिस्पॅच आहे, याला कोण बघणार? तिसऱ्या आठवड्यात तो संगणकावर कुणाची तरी एक्सेल शीट भरत असतो. अहवालात तो कंपनीचा इतिहास, संघटनेचा तक्ता आणि उत्पादनांची यादी लिहितो. यातलं बहुतेक कंपनीच्या माहितीपत्रकात आधीच छापलेलं असतं.

दुसऱ्याच्या वाट्याला एक माणूस आला. सॅण्ड प्लांट बघणारा, पन्नाशीचा, डिप्लोमा झालेला. त्याने पोराला एकच काम दिलं. दुसऱ्या पाळीत ब्लोहोलमुळे, म्हणजे कास्टिंगमधल्या छिद्रांमुळे, होणारं रिजेक्शन वाढतं, ते का, हे शोध. दर तासाला वाळूचा नमुना घ्यायचा, ओलावा मोजायचा, परमिअॅबिलिटी, म्हणजे वाळूतून वायू किती सहज निघतो ते, मोजायची, वाळूचं तापमान लिहायचं, आणि फेटलिंगला, म्हणजे कास्टिंग साफ करतात तिथे, जाऊन नाकारलेल्या कास्टिंगवर कोणती तारीख, कोणती पाळी आहे ते टिपायचं. पहिल्या आठवड्यात त्याला वाटतं हे हमालाचं काम आहे. मग आकडे बोलायला लागतात. पहिल्या पाळीत वापरलेली वाळू थंड व्हायला वेळ मिळत नाही, ती गरमच परत मिक्सरमध्ये येते. गरम वाळूतून पाणी उडून जातं, म्हणून मिक्सरवरचा माणूस अंदाजाने जास्त पाणी घालतो. कधी ओलावा तीन-चार टक्क्यांच्या वर जातो, मग साच्यात वाफ कोंडते आणि कास्टिंगला छिद्रं पडतात. कधी तो कमी पडतो आणि साच्याची कड ढासळते. उष्मावहन, बाष्पीभवन, वायूचा दाब, नमुना निवडण्याचं संख्याशास्त्र, हे सगळं त्या पोराने वर्गात पाठ केलं होतं. इथे ते एका ढिगाऱ्यात एकत्र सापडलं. आणि जेव्हा तो म्हणाला की वाळू थंड करायची सोय वाढवा, तेव्हा त्या डिप्लोमावाल्याने विचारलं, ‘किती खर्च येईल, आणि किती महिन्यांत वसूल होईल ते काढून आण, मग साहेबांकडे जाऊ.’ तिथे तो इंजिनिअर व्हायला लागला.

या दोन विद्यार्थ्यांचा कारखाना एक, कालावधी एक, श्रेयांकही तेवढेच. त्यांच्या गुणपत्रिका शेजारी ठेवल्या तर फरक दिसणार नाही. पण दुसऱ्याला जो माणूस भेटला तो योगायोगाने भेटला. कुणी त्याला नेमलं नव्हतं, त्याचे त्यासाठी तास मोजले नव्हते, वर्षअखेरीच्या मूल्यांकनात त्याला त्याचा एक गुण मिळाला नसेल. आपलं उच्च शिक्षण या योगायोगावर सोडता येणार नाही.

मालकवर्गाची बाजूही मला माहीत आहे. साठ-सत्तर माणसांची फौंड्री. इंजिनिअर दोन, तेही दिवसरात्र ग्राहकाच्या फोनवर. शिकवलेलं पोरगं सहा महिन्यांत पुण्याला चाकणला जातं. मग आम्ही का शिकवायचं? हा प्रश्न रास्त आहे. एकेकट्या लहान कारखान्याने हे ओझं उचलावं असं म्हणणंच चूक आहे. पण आपल्याकडे संघटना आहेत. कोल्हापूर इंजिनिअरिंग असोसिएशन आहे, गोशिमा आहे, स्मॅक आहे. आठ-दहा कारखान्यांनी मिळून एक प्रशिक्षण अभियंता ठेवावा. त्याचा पगार कारखाने आणि कॉलेज यांनी वाटून द्यावा. आठवड्यातून एक दिवस त्याने प्रत्येक विद्यार्थ्यापाशी जावं, त्याच्या वहीतले आकडे बघावेत, आणि त्या कारखान्यातल्या ज्या माणसाकडे विद्यार्थी सोपवला आहे त्याच्याशी बोलावं. त्या माणसाला आठवड्याचे चार तास लेखी मोकळे द्यावेत आणि शिकवण्याचा भत्ता द्यावा. त्यासाठी लहानसं प्रशिक्षणही हवं. काम कसं तोडून द्यायचं, चूक कधी होऊ द्यायची आणि कधी रोखायची, प्रश्न कसा विचारायचा, एवढं तरी. ३०० फौंड्र्यांच्या गावात हे अशक्य आहे असं मला कुणी पटवून देऊ शकणार नाही.

चाकणला गेलेल्या पोराबद्दल एक सांगतो. तो जातो हे खरं. पण त्याच्या जागी चाकणहून शिकून परत आलेलाही कुणीतरी येतो, कारण आईवडील इथे असतात, शेती इथे असते. एका गावाने शिकवलेलं दुसऱ्या गावाला मिळतं आणि त्याचं याला. सगळ्यांनी शिकवणं सोडलं तर मात्र सगळेच शेजाऱ्याच्या तयार माणसाकडे डोळे लावून बसतात, आणि आज पुष्कळ ठिकाणी तेच चाललं आहे.

मालकांना आपण बोलावतो ते बहुधा दोन प्रसंगी, कॅम्पस मुलाखतीला आणि स्नेहसंमेलनाच्या प्रायोजकत्वाला. स्वायत्त महाविद्यालयांच्या अभ्यास मंडळावर उद्योगाचा एक प्रतिनिधी असावा असा नियम आहे. तो प्रतिनिधी बहुधा वरिष्ठ पदावरचा असतो, वर्षातून एकदा येतो, ‘मुलांना संवादकौशल्य हवं’ असं सांगतो आणि चहा घेऊन जातो. माझी विनंती आहे की कारखान्यांनी तिथे शॉप फ्लोअरवरचा माणूस पाठवावा. ज्याने गेल्या महिन्यात नवीन पदवीधराला काम देताना कुठे अडलं ते पाहिलं आहे, तोच अभ्यासक्रमातल्या धातुशास्त्राच्या धड्यात काय कमी आहे ते सांगू शकतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ची वाट उघडली. किमान १५ वर्षांचा अनुभव असलेला माणूस पीएच.डी. नसतानाही शिकवू शकतो, मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपर्यंत. पुण्याची १८५४ ची इंजिनिअरिंग शाळा सार्वजनिक बांधकामाची माणसं तयार करायलाच सुरू झाली होती, आणि लक्ष्मणराव किर्लोस्कर कारखानदार होण्याआधी मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवत होते. वर्ग आणि कारखाना यांच्यातली ये-जा आपल्याकडे पूर्वीपासून होती, मधल्या काळात आपण ती बंद केली.

एक सीमा मात्र विद्यापीठाने राखलीच पाहिजे. कारखान्याला आजचं यंत्र चालवणारा माणूस हवा असतो, आणि तसं हवं असणं स्वाभाविक आहे. विद्यार्थ्याला पुढची चाळीस वर्षं काम करायचं आहे, आणि तेवढ्यात यंत्रं तीनदा बदलतील. म्हणून मालकाने प्रश्न आणावा, साहित्य द्यावं, माणूस द्यावा, परीक्षेत बसावं. पदवी कशाची द्यायची याचा शेवटचा शब्द शिक्षकांचा असावा. शिकाऊ उमेदवार हा कायद्याने कामगार नव्हे, त्याला बहुतेक कामगार कायदे लागू नाहीत. याचा फायदा घेऊन कमी पैशात उत्पादनावर माणसं उभी करण्याचा मोह होतो. तिथे शिक्षक उपस्थित असेल, वही तपासत असेल, तरच तो मोह आवरतो.

आता पुन्हा त्या एम.ए. करणाऱ्या मुलीकडे येतो, कारण इंजिनिअरांच्या गर्दीत तिचा विसर पडतो. कला शाखेला उद्योग नाही असं आपण सहज म्हणतो. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात मोडी कागदांचे रुमाल आहेत. इतिहासाच्या विद्यार्थिनीने तिथल्या अभिरक्षकाच्या हाताखाली १२० तास मोडी वाचली, एका रुमालाची सूची केली, तर ती तिच्या विषयाचं खरं काम करते आणि त्या कचेरीचंही काम होतं. मराठीच्या विद्यार्थ्याने वृत्तपत्राच्या संपादकीय विभागात बातमी पुन्हा लिहायला शिकावं, प्रकाशकाकडे मुद्रितं तपासावीत, न्यायालयीन अनुवादकाजवळ बसावं. अर्थशास्त्राच्या मुलीने ग्रामपंचायतीचं अंदाजपत्रक किंवा एखाद्या दूध संस्थेचा ताळेबंद ग्रामसेवकाबरोबर किंवा सचिवाबरोबर बसून समजून घ्यावा. या सगळ्या जागी मालक म्हणजे एक अभिरक्षक, एक उपसंपादक, एक सचिव आहे. त्यालाही तेच लागतं. लेखी नेमणूक, मोकळा वेळ, थोडं मानधन आणि कॉलेजातून फोन करणारा प्राध्यापक. आज यातलं काहीच नसल्यामुळे मुलं ओळखीच्या दुकानातून प्रमाणपत्र आणतात. त्यांना मी दोष देणार नाही. आपण त्यांना १२० तासांची अट दिली, जागा दिली नाही.

आणि जागा मिळण्यातही विषमता आहे. ज्याच्या मामाचा कारखाना आहे त्याला इंटर्नशिप मिळते. राधानगरीच्या आतल्या गावातून येणाऱ्या मुलीला मुक्कामी एस.टी. चुकली तर घरी जाता येत नाही, ती दुसऱ्या पाळीत कशी थांबणार? बिनपगारी काम करणं तिच्या घराला परवडत नाही, कारण त्याच महिन्यांत ती शेतावर राबते किंवा दुकानात उभी राहून फीचे पैसे जमवते. म्हणून ओजेटीला किमान प्रवासखर्च आणि जेवण हा नियमच हवा. जागांचं वाटप कॉलेजने करावं, विद्यार्थ्याच्या ओळखीवर सोडू नये. मुलींसाठी कामाच्या जागी स्वच्छतागृह आहे की नाही, हे तपासल्याशिवाय करार करू नये. शिक्षणाच्या चर्चेत हे मुद्दे लहान वाटतात, पण कुणाला शिकता येतं आणि कुणाला नाही ते इथेच ठरतं.

शेवटी मागणं मांडतो, कारण इथे विद्यापीठाचे पदाधिकारी आहेत, प्राचार्य आहेत आणि कारखानदारही आहेत. पुढच्या सत्राच्या आधी अभ्यास मंडळांच्या बैठका होतील. त्यात ओजेटीच्या करारनाम्याचा नमुना मंजूर व्हावा आणि त्यावर तीन सह्या असाव्यात, विद्यार्थ्याची, प्राध्यापकाची, आणि कामाच्या जागी शिकवणाऱ्या माणसाची. त्या तिसऱ्या माणसाचं नाव, हुद्दा आणि तो आठवड्याला किती तास देणार हे भरल्याशिवाय करार ग्राह्य धरू नये. गुणांमधला निम्मा वाटा त्याच्या हाती असावा, आणि उरलेला निम्मा विद्यार्थ्याच्या कामाच्या वहीवर तोंडी परीक्षा घेऊन द्यावा. भेटीला जाणाऱ्या प्राध्यापकाच्या त्या फेऱ्या त्याच्या कार्यभारात तास म्हणून मोजाव्यात. आणि ज्या कारखान्याला, कचेरीला असा माणूस देता येणार नाही, तिथे त्या वर्षी विद्यार्थी पाठवू नयेत, मग १०० जागांच्या ४० झाल्या तरी चालतील. उरलेल्या साठांना क्षेत्रीय प्रकल्पाचा पर्याय नियमातच आहे. चाळीस जागा नीट झाल्या, तर पुढच्या वर्षी साठ करायला या सभागृहातलेच कारखानदार पुढे येतील. त्यातल्या दोघांनी मला व्याख्यानाआधी तसं सांगितलंही आहे, आणि आभाराचं भाषण झाल्यावर मी त्यांची गाठ प्राचार्यांशी घालून देणार आहे.